टाक्यामागची सुई

ऑपरेशन थिएटरमध्ये टाके घालण्यासाठी दोऱ्याचं जे पाकीट उघडतात, त्यावर बराच मजकूर छापलेला असतो. दोऱ्याचं नाव, 2-0 असा एक आकडा, शेजारी मेट्रिक 3, दोऱ्याची लांबी 90 सेंटिमीटर, सुईची 30 मिलिमीटर, अर्ध्या वर्तुळाची खूण आणि सुईचं खऱ्या मापाचं चित्र. चित्राजवळ एक छोटं वर्तुळ किंवा छोटा त्रिकोण असतो. सगळ्या पाकिटावर हीच खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्तुळ असेल तर सुईचं अंग गोल आहे. ती ऊती बाजूला सारत पुढे जाते आणि ती निघून गेली की ऊती दोऱ्याभोवती पुन्हा मिटतात. त्रिकोण असेल तर सुईला धारेच्या कडा आहेत, ती कापत जाते. आतड्याला गोल सुई लागते, कारण तिथे कापलेलं भोक म्हणजे गळतीला वाट. कातडी चिवट असते, म्हणून तिला धारेची सुई लागते. गोल सुई कातडीत रेटावी लागते आणि रेटारेटीत जखमेच्या कडा चेंगरतात.

रुग्णाच्या घरी यातलं काहीच पोचत नाही. तिथे विचारलं जातं, ‘किती टाके पडले?’ भेटायला आलेला प्रत्येक जण हे विचारतो आणि आकडा जेवढा मोठा तेवढं दुखणं मोठं, असा हिशेब होतो. खरं तर तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. सिझेरियनची जखम त्वचेच्या आतून एकाच दोऱ्याने सलग शिवली, तर बाहेर टाका दिसतही नाही. पण तिच्याखाली गर्भाशय शिवलेलं असतं, स्नायूंवरचं आवरण शिवलेलं असतं, आणि पोटाची खरी ताकद त्या आवरणाच्या शिवणीत असते. विचारायचं तर कुठे शिवलं, कोणत्या दोऱ्याने शिवलं, तो दोरा विरघळणारा आहे की काढायचा आहे, हे विचारावं.

सुया आणि दोरे यांची नावं चार तऱ्हांनी पडली आहेत: आकारावरून, आकड्यावरून, रंगावरून आणि माणसाच्या किंवा कंपनीच्या नावावरून. आकारावरचं नाव सुई काय करते ते सांगतं. उरलेल्या तिन्ही तऱ्हा रोज वापरणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत, आणि त्यांत गफलत झाली की ती रुग्णाच्या अंगावर येते. म्हणून हा सगळा पसारा एकदा नीट मांडून पाहायला हवा.

आकारावरून नावं देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि शिवणं, म्हणजे सीवन, हा त्यांतला एक. सूत्रस्थानाच्या 25 व्या अध्यायात तीन सुया येतात. जिथे मांस कमी तिथे आणि सांध्यांवर दोन अंगुळं लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन अंगुळांची तीनधारी सुई, आणि मर्मस्थानं, वृषण, पोट यांसाठी धनुष्यासारखी वाकलेली सुई. आजच्या पाकिटावरचं वर्तुळ, त्रिकोण आणि कमान या तिन्ही खुणा तिथे आहेत. टाक्यांची नावंही अशीच बोलकी आहेत. गुंडाळत जाणारा तो वेल्लितक, गोफणीच्या घडणीचा तो गोफणिका, रफूसारखा तो तुन्नसेवनी आणि सरळ गाठीचा तो ऋजुग्रंथी. टाके फार दूर घालू नयेत, फार जवळही घालू नयेत, असंही तिथे बजावलं आहे. दूरच्या टाक्याने वेदना होते, जवळच्या टाक्याने कड फाटते. या सूचनेकडे पुढे परत यावं लागेल, कारण तिच्यावरचा मोठा पुरावा अगदी अलीकडचा आहे.

आजच्या सुईचे तीन भाग: टोक, अंग आणि दोरा जोडलेली शेपटी. पूर्वी शेपटीला नेढं असे आणि थिएटरमधली सिस्टर रिळावरचा दोरा त्यात ओवून देई. नेढ्यातून गेलेला दोरा दुहेरी होतो, म्हणून सुईने पाडलेल्या भोकातून सुईपेक्षा जाड असा गठ्ठा ओढला जातो आणि ऊतीला नाहक इजा होते. शिवाय तीच सुई उकळून पुन्हापुन्हा वापरली की टोक बोथट होतं. आता सुईच्या पोकळ शेपटीत दोरा बसवून ती दाबून टाकतात. सुई आणि दोरा मिळून एकच वस्तू होते, एकदा वापरायची आणि टाकायची. शेपटीचा तो भाग कमजोर असतो. सुईधारक चिमट्याने तिथे पकडलं तर सुई वाकते किंवा तुटते. टोकापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर पकडायची, त्वचेत काटकोनात शिरवायची आणि मनगट फिरवत तिच्याच वळणाने बाहेर काढायची, हा नव्या डॉक्टरला मिळणारा पहिला धडा असतो.

वळण वर्तुळाच्या हिश्शांत मोजतात. डोळ्याच्या सूक्ष्म कामाला वर्तुळाचा पाव भाग पुरतो. त्वचेसाठी बहुधा तीन अष्टमांश वळणाची सुई घेतात. आतडं, स्नायू, पोटाचं आवरण यांसाठी अर्धं वर्तुळ. ओटीपोटाच्या खोल, अरुंद जागेत पाच अष्टमांश वळण लागतं, कारण तिथे हात फिरवायला जागा नसते आणि सुईला थोडक्यात वळून वर यावं लागतं. जागा जितकी अडचणीची, तितकं वळण जास्त.

धारेच्या सुईतही दोन जाती आहेत, आणि त्यांच्यातला फरक मला या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. साध्या कटिंग सुईची तिसरी धार वळणाच्या आतल्या बाजूला असते. अशी सुई गेल्यावर उरणाऱ्या तिकोनी भोकाचं टोक जखमेकडे रोखलेलं राहतं. गाठ मारली की दोरा जखमेच्याच दिशेने ओढला जातो, त्या टोकात रुततो आणि कातडी चिरत बाहेर येऊ शकतो. रिव्हर्स कटिंग सुईत ती तिसरी धार वळणाच्या बाहेरच्या बाजूला नेली आहे. आता जखमेकडे भोकाची सपाट बाजू येते आणि दोऱ्याला टेकायला भिंत मिळते. धारा तीनच, धातू तोच. एक धार आतून बाहेर नेली आणि टाका टिकण्याची शक्यता बदलली. पाकिटावर हा फरक त्रिकोणाचं टोक वर आहे की खाली, एवढ्यावरून ओळखायचा असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागासाठी वर-खाली चपटी आणि कडांना धार असलेली सुई असते. ती पातळ थरांमधून आडवी सरकते, आरपार जात नाही.

बोथट टोकाच्या सुईबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. यकृतासारख्या भुसभुशीत अवयवासाठी ती पूर्वीपासून वापरतात. पण स्नायू आणि त्यांवरचं आवरण शिवतानाही ती चालते, आणि तिचा दुसरा मोठा फायदा सर्जनच्या बोटाला आहे. 2011 मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. धारदार सुयांच्या तुलनेत बोथट सुयांनी हातमोज्यांना भोक पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, असं त्यात दिसलं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या औषध, कामगार सुरक्षा आणि व्यवसायजन्य आरोग्य या क्षेत्रांतल्या सरकारी संस्थांनी मिळून आवरण आणि स्नायू शिवताना बोथट सुई वापरण्याचा आग्रह धरला. ज्याच्या रक्ताची तपासणी झालेली नाही अशा रुग्णाचं तातडीचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक हातासाठी ही सुई ट्रॉलीवर असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आता आकडे. इथे तीन पद्धती एकाच खोलीत नांदतात. दोऱ्याच्या आकड्यात शून्यं वाढली की दोरा बारीक होतो. 2-0 पेक्षा 3-0 बारीक, आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलासाठीचा 10-0 दोरा मिलिमीटरच्या जेमतेम दोन-तीन शतांश जाडीचा. इंजेक्शनच्या सुईचा गेज इंग्लंडमधल्या तारेच्या धंद्यातून आला. त्यातही आकडा वाढला की सुई बारीक होते: 18 गेज म्हणजे 1.2 मिलिमीटर, 23 गेज म्हणजे 0.6. लघवीच्या नळीचं माप मात्र शारिएर या पॅरिसच्या हत्यारकाराच्या मोजपट्टीवर चालतं, आणि तिथे आकडा वाढला की नळी जाड होते, तीन आकड्यांना एक मिलिमीटर. म्हणजे 16 नंबरची नळी 14 पेक्षा जाड, आणि 16 गेजची सुई 14 पेक्षा बारीक. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकाच नव्या परिचारिकेने हे दोन्ही उलटसुलट लक्षात ठेवायचं. दोऱ्यांच्या शून्यांतही एक खोच आहे. आतड्यापासून केलेला 2-0 कॅटगट आणि 2-0 कृत्रिम दोरा सारखे जाड नसतात. कॅटगट मेट्रिक मापाने 3.5 भरतो, कृत्रिम 3. मेट्रिक आकडा सरळ मिलिमीटरचे दशांश सांगतो, तरी तोंडात बसलेला आकडा शून्यांचाच राहिला.

रंगांची गोष्ट याहून गंभीर आहे. इंजेक्शनच्या सुयांच्या बुडाचा रंग आणि शिरेत ठेवायच्या कॅन्युलाचा (तिला आपल्याकडे बरेच जण इंट्राकॅथ म्हणतात) रंग हे दोन्ही आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरलेले आहेत, पण ती मानकं दोन वेगळी आहेत. सुईत हिरवा म्हणजे 21 गेज, कॅन्युलात हिरवा म्हणजे 18. सुईत गुलाबी 18, कॅन्युलात गुलाबी 20. सुईत नारिंगी म्हणजे 25 गेजची बारीक सुई, आणि कॅन्युलात नारिंगी म्हणजे 14 गेजची, सगळ्यांत जाड. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तेव्हा जाड कॅन्युला लावून रक्त आणि सलाईन भराभर चढवायचं असतं. नळीतून वाहणारा द्रव तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून थोडा जाडपणाही मोठा फरक करतो. अशा वेळी ‘हिरवी लावा’ किंवा ‘पिवळी नको’ असं बोलणं वेगवान असतं आणि सरावलेल्या हातांना ते पुरतं. पण सराव होईपर्यंतच्या काळात रंगाबरोबर आकडाही मोठ्याने म्हणण्याची सवय लावायला हवी.

दोऱ्याच्या जाडीला आणि सुईच्या लांबीला किती महत्त्व द्यावं, यावर 2015 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात नेदरलँड्समधला एक प्रयोग छापून आला. पोट मध्यरेषेवर उघडलेल्या 560 रुग्णांपैकी काहींचं आवरण नेहमीप्रमाणे 48 मिलिमीटरच्या मोठ्या सुईने, जाड दोऱ्याने, एकेक सेंटिमीटरचे घास घेत शिवलं. बाकीच्यांचं 31 मिलिमीटरच्या लहान सुईने, 2-0 दोऱ्याने, पाच-पाच मिलिमीटरवर शिवलं. वर्षभराने जखमेच्या जागी हर्निया झालेल्यांचं प्रमाण मोठ्या टाक्यांत 21 टक्के आणि लहान टाक्यांत 13 टक्के होतं. 1976 मध्ये जेंकिन्स या सर्जनने दोऱ्याची लांबी जखमेच्या लांबीच्या किमान चौपट असावी, असा नियम मांडला होता. लहान सुईने जवळजवळ टाके घालताना तो आपोआप पाळला जातो. मात्र वेळ जास्त लागतो, आणि दमलेल्या चमूला शेवटचा अर्धा तास नकोसा असतो. टाक्यांच्या अंतराबद्दल सुश्रुताने दिलेली ताकीद हीच, आता मिलिमीटरांत. पोट शिवणं हे ऑपरेशनचं शेपूट नाही, ऑपरेशनचाच भाग आहे, हे या प्रयोगाने आकड्यांत दाखवलं.

शिवण्याच्या कौशल्याची कदर करणारा सर्वांत प्रसिद्ध सर्जन म्हणजे फ्रान्सचा आलेक्सी कॅरेल. 1894 मध्ये लियाँ शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरा चालवला गेला, त्यांची मोठी रक्तवाहिनी तुटली आणि ती शिवण्याचं तंत्र तेव्हा कुणापाशीच नव्हतं. कॅरेल त्याच शहरातल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुईकाम शिकला. वाहिनीच्या तोंडावर तीन ठिकाणी टाके घेऊन गोल तोंडाचा त्रिकोण करायचा आणि मग सरळ कडा शिवायच्या, ही त्याची युक्ती आजही वापरली जाते. 1912 चं नोबेल पारितोषिक त्याला या कामासाठी मिळालं.

माणसांच्या नावाच्या सुयांमध्ये सर्वांत जास्त परिणाम पाठीतल्या सुईचा आहे. 1891 मध्ये क्विंके या जर्मन डॉक्टरने मणक्यातून पाणी काढण्याची रीत रूढ केली आणि 1898 मध्ये कील शहरात ऑगस्ट बीअर याने तिथेच औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. पुढे बीअरने हा प्रयोग स्वतःवरही करवून घेतला आणि त्याला कित्येक दिवस डोकेदुखी सोसावी लागली. उठून बसलं की वाढणारी आणि आडवं पडलं की कमी होणारी ही डोकेदुखी मणक्याच्या आवरणाला पडलेल्या भोकातून पाणी झिरपल्यामुळे येते. क्विंकेच्या नावाची सुई कापत जाते. 1951 मध्ये आलेली व्हिटेकर सुई आणि 1987 मधली श्प्रोटे सुई पेन्सिलच्या टोकासारख्या आहेत, त्या तंतू बाजूला सारत जातात. आतड्याच्या गोल सुईचंच हे तत्त्व. 2018 मध्ये शंभराहून अधिक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात कापणाऱ्या सुयांनंतर डोकेदुखीचं प्रमाण 11 टक्के दिसलं आणि पेन्सिल टोकाच्या सुयांनंतर 4.2 टक्के. पेन्सिल टोकाची सुई महाग पडते, पण बाळंतिणीला आठवडाभर उठून बाळाला घेता येत नसेल, तर त्याची किंमतही धरायला हवी.

इथेच आपल्याकडच्या एका पक्क्या समजुतीबद्दल बोलायला हवं. ‘सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली ती गेलीच,’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. सुई टोचली त्या जागी काही दिवस दुखतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं टिकणारी कंबरदुखी या सुईमुळे होते, असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. गर्भारपणात कमरेचे अस्थिबंध सैल होतात, वजनाचा तोल बदलतो, नंतर वाकून बाळ उचलणं, बसून पाजणं, अंगात रक्त कमी आणि घरकाम जास्त, हे सगळं त्या कमरेवर येतं. सुईला दोष दिला की बाईच्या कमरेवरचा तो भार कुणाला दिसत नाही आणि उपचारही होत नाही.

नाव आणि आकार यांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट असते, ती जोडाची. ल्युअर नावाने ओळखली जाणारी निमुळती जोडणी जगभर इतकी सारखी झाली की कुठलीही सिरिंज कुठल्याही सुईला बसते. ही सोय जीवघेणीही ठरली. व्हिंक्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. मणक्यात गेलं तर ते बहुतेक वेळा प्राण घेतं. 2001 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये 18 वर्षांच्या एका मुलाचा असाच मृत्यू झाला. असे प्रसंग तिथे आणि इतरत्र आधीही घडले होते. त्यातून पुढे मणक्याच्या सुईसाठी वेगळ्या मापाचा जोड आंतरराष्ट्रीय मानकात आला. त्याला शिरेची सिरिंज बसतच नाही. लेबल वाचण्यात चूक झाली, तरी असा जोड पुढची चूक होऊ देत नाही.

माणसाच्या नावाची सुई तिचा इतिहास कसा झाकते, याचं उदाहरण म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमधली व्हेरेश सुई. हंगेरीच्या यानोश व्हेरेश या डॉक्टरने ती बनवली क्षयरोगासाठी, फुफ्फुसाबाहेर हवा भरून ते मिटवण्याकरता. तिच्या पोटात स्प्रिंगवर बसलेली बोथट नळी असते. बाहेरचं टोक भिंत भेदून मोकळ्या जागेत शिरलं की विरोध संपतो आणि बोथट नळी झटकन पुढे येऊन आतल्या अवयवाला टोकापासून वाचवते. 1938 मध्ये त्याने जर्मन भाषेत तिचं वर्णन छापलं. क्षयावर औषधं आली, तो उपचार मागे पडला आणि सुई पोटात वायू भरण्याच्या कामी आली. लोक अशा ऑपरेशनला ‘बिनटाक्याचं’ म्हणतात, पण दुर्बिणीच्या लहान भोकांनाही बहुधा टाका असतो. तिथे पू धरला तर ‘टाकेच नाहीत, मग पिकेल काय’ म्हणून घरचे थांबून राहतात. हाडातला मगज काढायची जमशिदी सुई, खोल गाठीत जाणारी चिबा सुई, त्वचेखालच्या पोर्टसाठीची ह्यूबर सुई, अशी यादी लांबवता येईल. ही नावं राहोत, पण विद्यार्थ्याला शिकवताना आधी टोक कसं आहे ते सांगावं आणि मग नाव.

दोऱ्यांची नावं तर बाजारानेच ठरवली. पॉलिग्लॅक्टिनला कुठल्याही कंपनीचं पाकीट असलं तरी व्हायक्रिल म्हणतात, पॉलिप्रोपिलीनला प्रोलीन. मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्यापासून केलेला कॅटगट ब्रिटनमध्ये 2001 मध्ये वेडसर गाय रोगाच्या भीतीने बंद झाला. आपल्याकडे तो अजून वापरात आहे, कारण तो स्वस्त आहे. पण बाळंतपणातल्या खालच्या टाक्यांना कॅटगटपेक्षा कृत्रिम विरघळणाऱ्या दोऱ्याने कमी दुखतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्या टाक्यांबद्दल बाई मोकळेपणाने बोलत नाही, बसताना होणारा त्रास मुकाट सोसते, म्हणून हा फरक तिच्या वतीने दुसऱ्यांनी मोठ्याने सांगायला हवा.

सुईचा प्रवास टाक्यापाशी संपत नाही. रक्त लागलेली पोकळ सुई बोटात गेली तर एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के, हेपटायटिस सीचा 1.8 टक्क्यांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हेपटायटिस बीचा 6 ते 30 टक्के असतो. सर्वांत मोठा धोका ज्याचा, त्यावरच लस आहे. ती डॉक्टरांइतकीच कचरा उचलणाऱ्या मावशींना आणि वॉर्डबॉयलाही मिळायला हवी, कारण टोपण लावण्याचा प्रयत्न करताना जशा सुया टोचतात, तशाच कचऱ्याच्या पिशवीतूनही टोचतात. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात जायला हव्यात. 2009 मध्ये गुजरातमधल्या मोडासा इथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे हेपटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. पहिल्या वापरानंतर दट्ट्या अडकणारी सिरिंज ही या धोक्यावरची साधी तोड आहे.

घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर ऑपरेशनचं नाव, औषधं आणि पुढची तारीख असते. त्यावर मराठीत चार ओळी आणखी हव्यात. आत कोणता दोरा आहे, बाहेर कोणता, तो काढायचा की विरघळणारा, आणि काढायचा तर कधी. चेहऱ्याचे टाके बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमाराला काढतात, पोटाचे सात ते दहा दिवसांत, पायाचे दहा ते चौदा दिवसांत. पॉलिग्लॅक्टिन दोन ते अडीच महिन्यांत विरघळतो, पॉलिडायॉक्सॅनोनला सहा महिने लागतात. तेवढ्या काळात त्वचेतून दोऱ्याचं टोक डोकावलं तर घरी ओढू नये, ते दाखवायला यावं, आणि टाक्यातून पाणी आलं, लाली पसरली किंवा ताप भरला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.